नायिकेची किंकाळी

“तिसऱ्या पेपरातही धुलाईच आहे,” नवरा चष्मा कपाळावर सरकवत तिला म्हणाला.

तिने आवाज दिलेल्या सिनेमांची परीक्षणं वाचून दाखवायची त्याला भारी हौस. बावीस वर्षं ती नायिकांना हसू, हुंदके, उसासे पुरवत आली होती. पडद्यावर नाव क्वचितच यायचं. हा सिनेमा म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी काढलेला भयपट. गोष्टीला शेंडा ना बुडखा, भूत दिसलं की पोरं हसत सुटतात, असं सगळ्यांनीच लिहिलं होतं. एका गोष्टीबद्दल मात्र तिन्ही पेपरांत कौतुक होतं. ते त्याने सावकाश वाचलं : ‘उत्तरार्धात नायिका एकदाच किंकाळी फोडते. तेवढ्यापुरतं काळजाचं पाणी होतं. एवढ्याशा मुलीने ही किंकाळी आणली कुठून?’

“ती तुझीच ना?” त्याने विचारलं. “बघायलाच हवा. दुपारच्या खेळाला जाऊ.”

पाय दुखतायत, उकडतंय, टीव्हीवर येईलच की, अशी कारणं तिने पुढे केली. त्याने एकही ऐकून घेतलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक दोन दिवसांच्या तापाने गेली. सोळा वर्षांची होती. इस्पितळात नवरा भिंतीवर डोकं आपटत होता आणि ही लेकीचे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती. बाईचं काळीज दगडाचं आहे, असं नातेवाईक आपसात बोलले. ते तिच्या कानावर आलं होतं.

गेल्या वर्षी स्टुडिओत ध्वनिमुद्रक म्हणाला, “मावशी, जरा आतून येऊ द्या.” तिने डोळे मिटले, तर समोर इस्पितळातली ती खाट. मग तोंडातून जे निघालं ते ऐकून त्या माणसाने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. तेव्हापासून तिला स्वतःच्याच गळ्याची धास्ती वाटे. त्याहून मोठी धास्ती नवऱ्याची. त्याला ओळखू आलं तर? पोरीचं दुःख सिनेमावाल्यांना विकलंस, असं तो म्हणाला तर?

थिएटरात पंधरा-वीस पोरं होती, भुताला नावं ठेवत हसत होती. मध्यंतर झालं. पडद्यावर जिना आला. दार आलं. आणि मग किंकाळी.

पोरं एकदम गप्प झाली. शेजारी नवऱ्याचा श्वासही ऐकू येईना. त्याच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

दिवे लागले, पोरं निघून गेली. तो मात्र पडद्यावरून सरकणारी नावं संपेपर्यंत वाचत बसला. तिचं नाव नव्हतं.

“त्या दिवशी तू ओरडली नव्हतीस,” तो हळूच म्हणाला.

“नाही.”

“मला वाटायचं, मी एकटाच...”

तो उठला नाही. झाडूवाला रांग न् रांग झाडत त्यांच्यापाशी येऊन थांबला. दोघांनी पाय वर उचलून धरले. तो खालून केर काढून पुढच्या रांगेकडे गेला.