न झोंबणारं पाणी

थोरलीला घाई होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोघी बहिणी एकाच प्रयोगशाळेत कामाला. थोरली प्रमुख, धाकटी तिच्या हाताखाली. घरी आई अंथरुणाला खिळलेली, पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. जखम धुवायचं औषधी पाणी लागलं की म्हातारी अशी किंचाळायची की दोघींना घास गिळवत नसे.

आणि प्रयोगशाळेत बनत होता साबणाचा नवा रेणू. साध्या साबणाच्या रेणूला एक डोकं, एक शेपूट. हा जोडरेणू : मानेपाशी एकमेकांना बांधलेले दोघे, दोन डोकी, दोन शेपट्या. त्यात प्रत्येक डोक्यावर धन भारही आणि ऋण भारही, म्हणजे भांडण घरातल्या घरात मिटलेलं. त्यामुळे तो कातडीच्या वाटेला जात नाही. चिमूटभर टाकला तरी पाण्याचा पृष्ठताण झरकन उतरतो, मळ सुटतो, पण झोंबत नाही.

तो करताना आधी दोन शेपट्यांचा सांगाडा जोडायचा, मग त्यावर सल्टोन चढवायचं. हे सल्टोन म्हणजे जहर. कातडीतून गुपचूप आत शिरतं आणि वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊन बाहेर येऊ शकतं. म्हणून तयार पावडर अ‍ॅसिटोनने पुन्हा पुन्हा धुवायची, उरलंसुरलं निघून जाईपर्यंत.

"ताई, अजून एकदा धुते गं," धाकटी म्हणाली होती. सल्टोन पकडणारं मशीन तेव्हा बंद पडलेलं.

थोरलीने पृष्ठताणाचा आलेख तिच्या नाकासमोर धरला. भेसळ असली की आलेखाच्या वळणावर खड्डा पडतो, हे या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ. खड्डा नव्हता. "बघ, कसा गुळगुळीत आलाय! तुझं आपलं ताकसुद्धा फुंकून प्यायचं. भर डबी, आईला नेऊ."

आणि गुण आला हो! धाकटी रोज सकाळ-संध्याकाळ पावडर ताज्या पाण्यात विरघळवायची आणि आईची पाठ धुवायची. हातमोजे घातले तर आई चिडायची, "मला शिवायची किळस येते का गं तुला?" मग धाकटीने मोजे ठेवून दिले. आई डोळे मिटून पडून राहायची. किती महिन्यांनी घरात शांतपणे जेवणं झाली.

मशीन दुरुस्त होऊन आलं. तपासून बघायला म्हणून थोरलीने त्यात जुन्या पावडरीचा नमुना घातला. पडद्यावर सल्टोनच्या जागी टोक उभं राहिलं, म्हणजे पावडरीत सल्टोन उरलेलं होतं. तिने पुन्हा घातला. पुन्हा तेच. तिला तो गुळगुळीत आलेख आठवला. खड्डा पाडते ती पाण्याच्या पृष्ठभागावर येणारी भेसळ. सल्टोन वर येतच नाही, ते खालच्या खाली विरघळून राहतं. आलेखाला ते दिसणार कसं? हे तिला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण आई ओरडायची थांबावी, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ती घरी पोचली तेव्हा धाकटीचे हात मनगटापर्यंत त्या पाण्यात होते.

"सोड ते! आधी हात धू!" थोरलीने भांडं हिसकावलं आणि तिला खोलीबाहेर ओढत नेऊन सगळं सांगितलं. "माझं चुकलं. तू म्हणत होतीस, मीच ऐकलं नाही."

धाकटीने आईच्या खोलीकडे पाहिलं. "आईला काही होईल?"

"ते उमटायला वर्षं लागतात. आईकडे तेवढी वर्षं नाहीत."

"माझ्याकडे आहेत," धाकटी म्हणाली.

थोरलीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. धाकटी मागे सरली आणि मोरीत शिरली. नळ सुटल्याचा आवाज आला.

आतून आईची हाक आली, "थांबलीस का गं? छान वाटत होतं." थोरलीने जुनं औषधी पाणी कोमट केलं, मोजे चढवले आणि पहिला बोळा पाठीवर ठेवला. आई किंचाळली. "तू नको! हात नाही, दगड आहेत नुसते. धाकटीला बोलाव, तिच्या हाताला गुण आहे."

"ती कामात आहे, आई," थोरली म्हणाली. मोरीत धाकटी अजून हात घासत होती.