आवाज एकदम क्लिअर

मित्रांनो, सभेत गाजणारा, पुढाऱ्यांची थुंकी झेलणारा माईक तो मी नव्हे. मी घरगुती. यूएसबीची वायर कॉम्प्युटरला खोचली की कामाला लागणारा. खोक्यावर ‘अतिसंवेदनशील’ असं छापून मला कारखान्यातून धाडलं. माणसाच्या कपाळावर असं छापलं, तर शेजारीही त्याच्याशी बोलणार नाहीत. माझं मात्र त्यावरूनच कौतुक झालं.

मला आणलं ते एका गळ्यासाठी. या घरातले बाबा बसकंडक्टर. तीस वर्षं ‘पुढे सरका’ म्हणून ओरडून निवृत्त झालेले. त्यांच्या घशात गाठ निघाली. पुढच्या सोमवारी ऑपरेशन, स्वरयंत्रच काढणार. नात पाच महिन्यांची. तिच्यासाठी आपला आवाज मागे राहावा, एवढीच त्यांची इच्छा. सांगायच्या गोष्टी त्यांनी एका कागदावर लिहूनही ठेवल्या होत्या.

“अहो, फोनवर घेऊन टाका ना,” सून म्हणाली.

“फोनवर कचरा येतो,” मुलगा म्हणाला. “करायचं तर नीट करायचं.”

मुलाने तीन व्हिडिओ पाहून आवाजाचं शास्त्र आत्मसात केलं होतं. पहिल्या दिवशी त्याने माझा गेन, म्हणजे माझ्या कानाची ताकद, पूर्ण वाढवली. मी पडलो कर्तव्यदक्ष. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची, बाबांच्या पोटातली गुडगुड, सगळं सादर केलं. फाइल पुसली गेली. दुसऱ्या दिवशी बाबा आइस्क्रीमचा कोन धरावा तसं मला तोंडाशी धरून माझ्या टाळूत बोलले. माझा कान टाळूत नाही, छातीवर आहे. तीही फाइल पुसली. तिच्यात ते सायकलवरून चिखलात पडल्याची गोष्ट होती, आणि सांगता सांगता ते खो खो हसले होते. तिसऱ्या दिवशी पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतींवर रजया.

“अरे, बोलू का आता?” घामाघूम बाबांनी विचारलं.

“थांबा बाबा, लेव्हल बघतोय.”

“तू बघ बाबा. माझी लेव्हल रोज खाली चाललीय.”

“आणि श्वास जरा हळू घ्या.”

“घेतो. की बंदच करू?”

खरं तर मला तोंडापासून वीतभर लांब, जरासं तिरकं ठेवायचं, गेन निम्म्याच्या खाली आणायचा. बस्स. चार मिनिटांचं काम. माझ्या खोक्यातल्या कागदावर ते चित्रासकट होतं. तो कागद घडी करून टेबलाच्या पायाखाली सरकवला होता. टेबल डुगडुगून मला धक्का बसू नये म्हणून.

रविवार उजाडला तेव्हा बाबांचा आवाज जेमतेम उरला होता. मुलाने कॉम्प्युटरमध्ये एक चाळणी लावली. ठरावीक मर्यादेपेक्षा हळू असेल तो गोंगाट, आणि गोंगाट कापायचा, असा तिचा खाक्या. मग त्याने हेडफोन माझ्यात खोचला. घात झाला तो इथेच. माझ्यातून हेडफोनला जातं ते मी ऐकलेलं, चाळणीच्या अलीकडचं. कॉम्प्युटर पलीकडे काय साठवतो, ते त्यात कळत नाही. चाळीस मिनिटं मुलाने बाबांचा आवाज जसाच्या तसा ऐकला. दोनदा डोळे पुसले. शेवटी बाबांनी नातीला हाक मारली आणि म्हणाले, “चला, शेवटचा स्टॉप.”

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी मुलाने फाइल उघडली. बाबांचा बसलेला आवाज चाळणीने गोंगाट ठरवला होता. चाळीस मिनिटांत चार खाकरे आणि एक खोकला. बाकी शांतता. फ्रिज नाही, खुर्ची नाही, श्वाससुद्धा नाही. एवढं स्वच्छ काम माझ्या नावावर दुसरं नाही.

बाबा घरी आले. वहीवर लिहिलं, ‘आवाज कसा आला?’

“एकदम क्लिअर, बाबा.”

‘ऐकव.’

“एडिटिंग बाकी आहे.”

बाबांनी मान डोलावली. ते आणखी दोन वर्षं होते. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. एडिटिंग अजून बाकी आहे.

मित्रांनो, मला धूळ लागू देऊ नका, असं मी म्हणणार नाही. खुशाल लागू द्या. पण घरात कोणी आपला आवाज ठेवून जायला बसलं, तर फोनवर घ्या, खरखरीसकट घ्या, आणि ते माणूस उठायच्या आत एकदा लावून बघा. शांततेची रेकॉर्डिंगं नंतर हवी तेवढी करता येतात.