राजकन्या उल्रिकांची वामकुक्षी

माझ्या बहिणीचे यजमान लॉर्ड हॅवरकोट यांनी पार्लमेंटात इतक्या वर्षांत जांभईखेरीज कशासाठीही तोंड उघडलं नाही. तेवढ्या गुणावर पंतप्रधानांनी त्यांना राजवाड्यात मानाची जागा दिली. हातात पांढरी काठी घ्यायची आणि राजघराण्याला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी बाहेर पडायचं, एवढंच काम. स्वारी घरीही तशीच चालू लागली आणि माझ्या बहिणीच्या सगळ्या फुलदाण्या फुटल्या. मेख एकच होती. ही काठी मंत्रिमंडळाबरोबर येते नि त्याच्याबरोबरच जाते.

त्या शुक्रवारी मंत्रिमंडळ राहणार की पडणार, याचंच मतदान होतं. नेमके त्याच दिवशी भावोजी विंडसरला, राणीसाहेबांच्या मावशीकडे, राणीसाहेबांनी पाठवलेली वाढदिवसाची भेट घेऊन आले. या मावशी म्हणजे राजकन्या उल्रिका. मी त्यांची सोबतीण. जेवणं झाली आणि बाई खुर्चीतच घोरू लागल्या. त्यांनी मान हलवून निरोप दिल्याशिवाय जायचं नसतं, आणि बसायचं तर नसतंच. भावोजी खांबासारखे उभे.

"निघा भावोजी," मी कुजबुजले. "लंडनची गाडी चुकली तर मत गेलं, आणि काठीही."

"निरोप मिळाला नाही, ऑनोरिया."

"झोपलेलं माणूस कसला निरोप देणार?"

"माणूस झोपतं. राजरक्त झोपत नाही."

"मग जरा खोकून तरी बघा."

"राजघराण्यासमोर आपण होऊन खोकायचं? तुमच्या घराण्यात चालत असेल."

तीच काठी हिसकावून त्यांना स्टेशनापर्यंत हाकलावं, इतका मला संताप आला. गाडीची शिट्टी वाजली. त्यांनी डोळे मिटले, पण पाय हलवला नाही.

दिवेलागणीनंतर तार आली. मतं समसमान पडली होती, अध्यक्षांनी आपलं मत विरोधात टाकलं होतं, मंत्रिमंडळ पडलं होतं. भावोजींनी तार वाचून काठी छातीशी धरली. मला त्यांची खरंच कीव आली.

राजकन्येने एक डोळा उघडला.

"हा अजून इथेच? ऑनोरिया, निदान तुझं ऐकून तरी जाईल असं वाटलं होतं. घोरून घोरून घसा सुकला माझा."

"म्हणजे आपण जाग्या होता?" मी म्हणाले. "मग निरोप का नाही दिलात?"

"निरोप दिला की हा उलटा चालणार. माझ्या फुलदाण्या आईच्या आहेत. म्हटलं, मी झोपलेली दिसले तर सरळ चालत निघून जाईल."

मग नाइलाजाने त्यांनी मान हलवली. भावोजी कमरेत वाकले, काठी सावरली आणि उलट्या पावलांनी दाराकडे निघाले. आम्ही दोघींनी डोळे मिटून घेतले.