मशेरीच्या डबीला जपू नका

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. कारखान्यात मला लिंबाच्या गोळ्यांसाठी घडवलं. झाकणावरचं पिवळं लिंबू अजून थोडं दिसतं. मोताळ्याच्या बाजारातून मी धामणगाव बढ्यात रुख्मिणीआजींच्या घरी आले. गोळ्या पोरांनी लगेच फस्त केल्या, मग आजींनी माझ्यात मशेरी भरली. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. रोज सकाळी आजी ती दातांना लावत. मी सापडले नाही, तर सगळं घर डोक्यावर घेत. केवढा माझा मान! मी अगदी फुशारून गेले होते.

आजींची नात करिष्मा नववीत. एका दुपारी ती गाल धरून रडतच आली.

"आजी, दाढ लय ठणकून राह्यली वं."

"थांब माय, चिमूटभर हे लाव. ठणका पयते."

ठणका थांबला. पुढे दाढही बरी झाली, तरी करिष्माचं बोट रोज माझ्यात शिरू लागलं. मशेरी मिळाली नाही की तिचं डोकं दुखायचं, अभ्यासात मन लागायचं नाही. आजींना हे कळत होतं. त्या मला थोडी जास्त भरू लागल्या, एवढंच.

शाळेत दातांची तपासणी झाली आणि बिंग फुटलं. करिष्माची आई, सुचिता, संतापली.

"कोनं देल्लं तुले हे?"

"मीच आनलं, दुकानातून." करिष्मानं आजींकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उद्यापासून शाळा बंद. घरातच बस!"

मी आजींच्या कमरेला खोचलेली होते. त्यांनी मला पदराखाली झाकलं. त्या गप्प राहिल्या तर बरं, असं मला वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

"सुचिता, पोरीची शाळा बंद नको करू," आजी म्हणाल्या. "म्याच देल्लं तिले. मले वाटलं, औषधच हाय." आणि त्या हमसून रडल्या.

त्यांनी मला उकिरड्यावर रिकामं केलं. करिष्मा शाळेत जाऊ लागली. सुचितानं मला घासूनपुसून बटणं ठेवायला घेतलं. सुटले बाई, असं मला वाटलं.

काल करिष्मा घरात एकटीच होती. तिनं मला उघडलं, बटणं बाजूला सारली, माझ्या तळाशी बोट फिरवलं आणि दातांना लावलं. आत काहीच नव्हतं. ती तिथंच बसून रडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी कळवळून सांगते, मला जपू नका. मला भंगारात द्या आणि त्या पोरीजवळ जाऊन बसा.