दंडावरची पाच बोटं

माझ्या नातीच्या दंडावर माझा हात उमटला होता. हात म्हणजे अख्खा हात. मागच्या बाजूला चार बोटं, पुढे अंगठा, मधे तळव्याची कड. लालभडक, आणि बोटांच्या टोकांशी पाण्याने टच्च भरलेले फोड. तो हात माझाच होता, यात वाद घालायला जागाच नव्हती. माझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे. गॅरेजमध्ये असताना फॅनबेल्टने खाल्लं. पोरीच्या दंडावरही तेवढंच बोट आखूड होतं.

मी जन्मभर बसगाड्यांची इंजिनं खोलली आणि बसवली. आता लेकीकडे राहतो. जावई जहाजावर, वर्षातला बहुतेक काळ पाण्यावरच. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासते. त्यामुळे शाळा सुटल्यापासून लेक घरी येईपर्यंत नात माझ्या ताब्यात. तिला मी भिंगरी म्हणतो, कारण तिचे पाय जमिनीला लागतील तर शपथ. सकाळी उठल्यावर मला कुणाची आठवण येत असेल तर या एकाच माणसाची.

आणि आठवणीचंच तर सगळं त्रांगडं होतं. हल्ली मी विसरतो. दूध गॅसवर ठेवून पेपर आणायला जातो, हे एक वेळ सोडा, ते तरुण माणसंही करतात. पण एका संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, काल भिंगरीवर केवढे ओरडलात! पोर पलंगाखाली जाऊन बसली होती." मी म्हटलं, "कोण? मी?" मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही. राग माझ्या नाकावर पहिल्यापासूनच, जित्याची खोड ती. पण ओरडलो तर निदान ओरडल्याचं कळायचं तरी. डॉक्टर म्हणाले, विसरणं आणि चिडणं, दोन्ही जोडीने वाढत जाईल. तेव्हा लेक मला एवढंच म्हणाली होती, "दूध-बिध जळू दे, बाबा. पण भिंगरीला काही झालं, तर मला तिची दुसरी सोय करावी लागेल. मग तुम्ही रागवायचं नाही."

आणि आता हे.

शाळेतल्या बाईंनी फ्रॉकची बाही वर झाल्यावर ते पाहिलं आणि लेकीला दुकानातून बोलावून घेतलं. भिंगरीला विचारलं, "हे कुणी केलं गं?" भिंगरी म्हणाली, "आजोबांनी धरलं होतं." झालं. लेक तिला डॉक्टरकडे नेऊन, मलम लावून घरी आली ती पांढरीफटक पडून. "बाबा, भिंगरीच्या हाताला काय झालं?"

शांतपणे "मला माहीत नाही" म्हणायचं की नाही? पण मी म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. "मला काय विचारतेस? मी काय राक्षस आहे? मी मारलं म्हणायचंय का तुला?" मारलं हा शब्द घरात मीच पहिल्यांदा आणला. दारात भिंगरी उभी होती. तिने कानांवर हात ठेवले होते. ते बघून माझी जीभच टाळ्याला चिकटली.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी शाळेतून परस्पर तिच्या आत्याकडे जायला लागली. झोपायलासुद्धा तिकडेच. लेक म्हणाली, "थोडे दिवस, बाबा." किती थोडे, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

भीती मला नवीन नाही. जॅक सटकून बस अंगावर येता येता राहिलेली आहे. पण ती भीती बाहेरून येते; उडी मारली की सुटलो. ही भीती माझ्या मनगटाच्या पुढे जोडलेली होती. चहाचा कप उचलताना मी त्या हाताकडे बघायचो. आरशात दाढी करताना बघायचो. तू केलंस का रे? केलंस आणि मला सांगितलं नाहीस? आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे!

घरात मला आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतली अंजिराची कुंडी.

त्याआधी कधीतरी शेजारच्या सुताराने शेड वाढवायला त्याच्या आवारातलं अंजीर तोडलं होतं, मुळासकट उपटून टाकलं होतं. भिंगरीने रडून घर डोक्यावर घेतलं, कारण भिंतीवरून इकडे वाकलेल्या फांदीची अंजिरं ही तिची खाजगी मालमत्ता होती. मी म्हटलं, "रडतेस काय वेडे, झाड गेलं तर जाऊ दे, आपण घरात दुसरं करू." पडलेल्या फांद्यांमधून पेन्सिलीहून थोड्या जाड अशा काड्या निवडल्या, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, जरा खाली तिरका काप घेतला, पानं काढली, वाळू आणि मातीत खोचल्या. वरून तळ कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या टोपीसारख्या बसवल्या, आत दमटपणा राहावा म्हणून. सगळं झकास जमलं होतं. मग मी माझ्या डोक्याने घात केला. पाणी घातलं की नाही ते आठवायचं नाही, म्हणून पुन्हा घालायचो. पुन्हा आठवायचं नाही, पुन्हा घालायचो. एकेक काडी काळी पडून कुजली. वाचली ती एकच. का वाचली? तर ती कपाटाच्या आड होती, तिथे मी तिलाच विसरलो होतो.

त्या एका काडीला मात्र पालवी फुटली. पालवीने मी हुरळलो नाही. अंजीर लबाड असतं, मूळ नसतानाही अंगातल्या साठ्यावर पानं दाखवतं आणि मग एके दिवशी मान टाकतं. पण कुंडी पारदर्शक डब्याची होती. काही आठवड्यांनी डब्याच्या कडेला पांढरी, दोऱ्यासारखी मुळं दिसली. भिंगरी रोज आत्याच्या फोनवरून विचारायची, "आजोबा, रुजलं का?" त्या दिवशी मी सांगितलं, "रुजलं गं बाई." ती तिकडे एवढी ओरडली की आत्याने फोन काढून घेतला. मी मात्र फोन ठेवला आणि ओट्याला टेकून रडलो. दंडावरचे फोड सुकून तिथे आता तपकिरी डाग राहिला होता म्हणे. हाताच्याच आकाराचा.

त्यानंतर एकदा कुंडीतलं खालचं पिवळं पान मी खुडलं. देठातून पांढरा चीक आला, बोटाला लागला. मी सवयीने तो पँटीला पुसला आणि तिथेच थबकलो.

पँटीला पुसला. दारामागे माझी जुनी पँट टांगलेली होती. काढून बघितली, तर दोन्ही मांड्यांवर तसलेच कडक, तपकिरी डाग. म्हणजे फांद्या कापल्या त्या दिवशी हातभर चीक लागला होता, आणि मी हात धुतले नव्हते, पुसले होते.

गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी हाताला लागलं, तर त्या वेळी काही कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी पँटीला भोकं पडलेली दिसायची. माझ्या डोक्यात जुनं इंजिन घरघरलं. अरे, थापडेने फोड येतात कधी? थापडेने वळ उठतात. फोड येतात ते भाजल्यावर नाहीतर बॅटरीच्या पाण्याने. आणि थापड मारणाऱ्याचा अंगठा दंडाच्या पुढच्या बाजूला कसा जाईल? घोडं इथेच पेंड खात होतं, आणि आम्ही सगळे भलतीकडेच गवत टाकत होतो!

पण एवढ्याने काय होणार? फांद्या कापल्या तो दिवस आणि भिंगरीला धरलं तो दिवस एकच होता का? आठवेना. डोकं भिंतीवर आपटलं असतं तरी आठवलं नसतं. आणि चीक खरंच असं करतो का? की म्हाताऱ्याने स्वतःला सोडवायला काढलेली पळवाट? एकच मार्ग होता. सुताराच्या आवारात अंजिराचं पान उरलं नव्हतं. जगात माझ्याजवळ होतं ते एवढंच, चार पानांचं, नुकतं जीव धरलेलं, भिंगरीला कबूल केलेलं.

रविवारी लेक घरी होती. मी शर्ट काढून तिच्यापुढे उभा राहिलो. "माझा हा डावा दंड नीट बघून ठेव. काही आहे का?"

"बाबा, काय हे..."

"बघ म्हणतो ना! काही आहे?"

"नाही."

"मी विसरेन. तू विसरू नकोस."

तिच्यासमोर मी कात्री घेतली आणि रोपाचा शेंडा पानांसकट छाटला. ती "अहो बाबा!" म्हणून ओरडली. देठांतून चीक पिळून मी उजव्या तळव्याला चोपडला, बोटांना चोपडला, आणि त्या हाताने माझाच डावा दंड घट्ट धरला. मग पायरीवर उन्हात जाऊन बसलो, कारण त्या दिवशीही कुंड्या भरत आम्ही उन्हातच बसलो असणार.

लेक येऊन शेजारी बसली. माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "बाबा, झालं असेल तर होऊ दे ना. तुम्ही मुद्दाम नाही केलंत. आजार आहे तो. मी रागावलेले नाही."

देवाशपथ सांगतो, तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने मला माफ करून टाकलं होतं! म्हणजे तिच्या मनात खटला चालून निकालसुद्धा लागला होता. बोललो असतो तर ओरडलो असतो. दंड सोडला आणि उन्हात तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी दंडावर काही नव्हतं. लेकीने बघितलं, मान फिरवली आणि म्हणाली, "जेवून घ्या." दुसऱ्या दिवशीही विशेष काही नाही, नुसती खाज. खाज काय, मी सारखा चोळत होतो म्हणूनही येईल. आता माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे मीच. म्हणजे कधीतरी दुपारी, या घरात, या हाताने, त्या एवढ्याशा दंडावर. आणि नंतर मी चहा करून प्यायलो असेन, पेपर वाचला असेन. मी कुंडीतल्या छाटलेल्या खुंटाकडे बघितलं. तेही गेलं आणि हेही गेलं.

त्याच्या पुढच्या सकाळी शर्ट घालताना आग झाली. बनियनवरच तसाच धडपडत स्वयंपाकघरात आलो. लेक चहा गाळत होती. तिने वर बघितलं आणि गाळणं कपातच सोडलं.

माझ्या दंडावर चार बोटं होती, पुढे अंगठा. लालभडक. टोकांना फोड. एक बोट अर्धं.

"आलं!" मी ओरडलो. "अगं, आलं! बघ, आलं!" सबंध आयुष्यात कुणी भाजल्याचा एवढा आनंद केला नसेल. लेक जवळ आली, पण तिला हात लावायचा धीर होईना. तोंडावर पदर दाबून ती तिथेच खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी तिला कधी विचारलंच नाही, बाबा. 'आजोबांनी मारलं का' असं विचारलंच नाही. ती 'हो' म्हणाली असती तर?"

मीही कुठे विचारलं होतं? रोज फोनवर बोलत होतो, अंजीर रुजलं का, पाणी किती घालू, सगळं. तेवढं एक सोडून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोरी न केलेल्याच्या मनातही पडतं हो.

डॉक्टरांनी माझा दंड पाहिला आणि लगेच म्हणाले, अंजिराचा चीक आणि वर ऊन, असं होतं काही जणांना; तळव्याची कातडी जाड, म्हणून हात वाचला. पोरीच्या वेळी अंजिराचं कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? ज्याने सांगायचं तोच विसरलेला.

लेक आत्याकडून भिंगरीला घेऊन आली. भिंगरीने आधी माझा दंड बघितला, मग बाही वर करून स्वतःचा. "सेम," ती म्हणाली. तिला फार आवडलं ते.

लेक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "भिंगरे, त्या दिवशी आजोबांनी तुला का धरलं होतं गं?"

"अगं, आम्ही माती आणायला चाललो होतो ना. आणि माझा चेंडू सुटला ना. मी पळाले आणि ट्रक आला, मोठ्ठा. मग आजोबांनी मला असं धरलं आणि ओढलं. ट्रकवाला पण ओरडला. आजोबा त्याला खूप ओरडले." ती माझ्याकडे वळली. "हो ना आजोबा?"

लेक माझ्याकडे बघत होती. भिंगरी बघत होती. ट्रक. चेंडू. रस्ता. मी आत शोध शोध शोधलं. तिथे काहीच नव्हतं. पोर माझ्या डोळ्यांदेखत ट्रकखाली जाता जाता राहिली होती, आणि मला ते आठवत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. मग खोटं बोलवेना. "नाही गं. मला नाही आठवत."

"असू दे," भिंगरी म्हणाली. "मला आठवतं ना."

मग ती कुंडीकडे गेली, खुंट बघून माझ्यावर भरपूर चिडली, आणि दुसरी काडी आत्ताच्या आत्ता शोधायला निघायचं म्हणाली. दारात थांबली. माझे दोन्ही तळवे उलटे करून तिने नीट तपासले.

"धुतले?"

"धुतले."

"साबणाने?"

"साबणाने."

तेव्हा तिने आपला डाग पडलेला हात माझ्या हातात दिला. लेक चप्पल घालून आमच्या मागोमाग निघाली. मी तिला नको म्हटलं नाही.