आक्कासाहेबांची तलवार

मला अख्खं घर ‘आक्कासाहेब’ म्हणतं. आक्कासाहेब, चहा ठेवा. आक्कासाहेब, म्हशीला वैरण टाका. पदवी राजकन्येची, कामं मोलकरणीची! पण यंदा मी हट्टालाच पेटले होते. दसऱ्याला शिलंगणाच्या माळावर आमच्या घरची तलवार शमीच्या फांदीवर पहिला घाव घालते, मगच गाव सोनं लुटतं. तो मान दर पिढीतल्या थोरल्या लेकराचा. थोरली मी, आणि तलवार दरसाल धाकट्या भावाच्या, धैर्यशीलच्या हातात!

“मान पोराचा असतोय,” म्हणून आजोबांनी, म्हणजे आबांनी, सकाळीच विषय मिटवला होता.

संध्याकाळी माळावर मी गावासमोर पुन्हा तलवार मागितली. आबा डोळे वटारणार, तोच अथणीहून सणाला आलेली त्यांची थोरली बहीण, शालूआजी, बसल्या जागेवरून आबांना म्हणाली.

“लाला, हिला आक्कासाहेब कशापायी म्हंतोस रं?”

“संस्थानात थोरल्या राजकन्येला म्हनायचे. आपल्या आज्ज्यानं तिथनंच उचललं.”

“नुसतं नावच उचललं व्हय? आक्का म्हंजी आमच्याकडं कानडीत थोरली भन. ती आली की गादीचा वारस सुदिक उठून हुबा ऱ्हायचा, म्हनून म्होरं ‘साहेब’. आईनं डोळ्यांनी बघितलंय. तुमी नाव दिलं आन् मान ठिवून घेतला.”

मला तर उडीच मारावीशी वाटली! आता तलवार माझीच, म्हणून मी हात पुढं केला.

पण आबा माझ्याकडं बघतच नव्हते. ते शालूआजीकडं बघत होते. थोरली ती, आणि त्यांच्या वेळी बाराव्या वर्षापासून तलवार चालवली आबांनी. मी एवढी भांडले, पण हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. आबा तिच्यासमोर गेले आणि त्यांनी दोन्ही हातांवर तलवार आडवी धरली.

“आक्कासाहेब, लय उशीर झाला. घ्या.”

चौऱ्याऐंशी वर्षांची शालूआजी पदर खोचून ताडकन उठली. शमीपाशी जाऊन तिनं मला हाक मारली आणि माझा हात मुठीवर आपल्या हाताखाली दाबला.

“धर घट. माझ्यागत म्हातारी हुईस्तवर वाट बघू नगंस.”

आम्ही दोघींनी मिळून घाव घातला.