खंडेनवमीचं वंगण

वाटेवरचा चढ सायकलवरून न उतरता चढणारी सून म्हणून साळुबाई आरतीचा तोरा सगळ्या वस्तीत मिरवायची. पण दसरा सरला आणि तीच आरती चढाच्या निम्म्यात उतरून सायकल ढकलायला लागली. पलीकडच्या वस्तीतल्या बालवाडीत शिकवायला ती पोचायची तेव्हा पोरं दारात ताटकळत बसलेली आणि हिला बोलायलाही दम उरलेला नसायचा.

बायकांनी निकाल लावून टाकला. "साळुबाई, पेढं कवा?"

"आत्या, तसं कायबी न्हाई वो," आरती परोपरीनं सांगायची. ऐकतंय कोण!

रविवारी जेवता जेवता भिमाजीनं, तिच्या नवऱ्यानं, सांगूनच टाकलं, "उद्यापासनं सायकल बंद. झेपत न्हाई तर कशाला जीव काढायचा? बालवाडीला दुसरी बाई बघा म्हणावं."

आरतीच्या हातातला घास ताटात राहिला. डोळे भरून आले.

साळुबाईनं ते पाहिलं. या सुनेला सायकलवर बसवायला तिनं अख्खी भावकी अंगावर घेतली होती. आता ही चुलीपुढं बसली की भावकी गालातल्या गालात हसायला मोकळी.

"डाक्टर कवा झालास रं?" ती लेकावर कडाडली. "आधी सायकलीची नाडी बघू, मंग बायकोची."

दोघींनी सायकल अंगणात आणली. आरतीनं पुढचं चाक उचलून फिरवलं. ते फिरतच राहिलं आणि थांबताना झोक्यासारखं मागं-पुढं झुललं. मागचं चाक फिरवलं, तर दोन फेऱ्यांत जागीच गप्प.

ओट्यावर तंबाखू मळत बसलेला रखमाजी, साळुबाईचा धाकटा दीर, म्हणाला, "वयनी, बिरेक घासत आसंल."

साळुबाईनं वाकून पाहिलं. रबर रिमला शिवत नव्हतं. आरतीनं चेन उतरवली. चाक तरीही गप्प. मग तिनं चाक सोडवलं आणि मधला दांडा बोटांत धरून फिरवला.

"आत्या, हात लावा. खडे दळल्यावानी लागतंय."

साळुबाईनं हात लावला आणि हळूच दिराकडं बघितलं. "भावजी, खंडेनवमीला हे चाक कुणी उघडलं व्हतं?"

रखमाजीचा हात तंबाखूवर थांबला. खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड धुऊन, वंगण देऊन पुजायचं, ही या घराची रीत. नांगराचा फाळ, कोयते, विळे यांच्या रांगेत सुनेची सायकलही मांडायचा हुकूम साळुबाईचाच. रखमाजीनं भक्तिभावानं बैलगाडीखाली टांगलेल्या नळ्यातलं काळं वंगण चाकात ठासलं आणि ट्रॅक्टरच्या पान्यानं नट आवळले होते.

"चाक निखळू नये म्हून आवळलं," तो पुटपुटला. "आन् गाडीला तर तेच वंगण चालतंय की."

"गाडीला दोन बैलं हायती. हिच्या सायकलीला कोन जुपायचं, तुमाला?"

"हुकूम तुमचाच व्हता, वयनी."

"हुकूम माजा, हात तुमचा. आना आता रॉकेल."

चाकातून जे निघालं त्याला वंगण म्हणणंही जड. रस्त्याची धूळ खाऊन त्याचा चिखल झाला होता. आरतीनं दांड्याभोवतीचे छर्रे, म्हणजे लोखंडी गोळ्या, रॉकेलमध्ये धुतले, फडक्यानं चकचकीत पुसले. एकही फुटका निघाला नाही. पाण्याच्या मोटारीचं पिवळं ग्रीस बोटभर लावून तिनं ते परत बसवले. छर्रे दाबून धरणारा निमुळता नट, म्हणजे कोन, हातानंच फिरवत आणला. दांडा लोण्यात फिरावा तसा फिरला. वरचा नट पान्यानं कसला आणि चाक पुन्हा जड!

भिमाजी दारात उभा होता. "ऱ्हाऊ दे आता. जुनी सायकल हाय."

आरतीनं वर पाहिलंसुद्धा नाही. नट सैल करून पुन्हा कसला, पण या खेपेला नजर पान्यावर नव्हती, कोनावर होती. "आत्या, वरचा नट कसला की खालचा कोनबी त्याच्यासंगं फिरतोय. दुसऱ्या पान्यानं कोन धरा. जरा ढिला ठेवू. नट बसला की तेवढी ढील तो खाऊन टाकंल."

साळुबाईनं पदर खोचला. कोन असा धरला की बोटं पांढरी पडली. आरतीनं नट कसला. दांडा हलवून बघितला, कुठं खडखड नाही. चाक जागेवर चढवून हात मारला. फिरलं, फिरतच राहिलं. चेन चढवून तिनं हात फडक्याला पुसले.

"उद्या जाती मी," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

भिमाजीनं आईकडं पाहिलं.

"माज्याकडं काय बघतूस? तिनं तुला सांगितलंय," साळुबाई म्हणाली.

सकाळी शेण काढायचं सोडून साळुबाई रस्त्यावर येऊन उभी राहिली. चढ लागला तशी आरती पुढं वाकली, सीटवरून जरा उठली. रोज उतरायची ती जागा मागं पडली. साळुबाईला वाटलं, आता तरी वळून बघंल. आरतीनं वळून बघितलं नाही. चढ संपवून ती पलीकडं उतरली आणि तिचा पदरही दिसेनासा झाला.

"बगायचंच कशाला," साळुबाई स्वतःशीच म्हणाली आणि शेणाच्या पाटीकडं वळली. "पोरं वाट बघत्यात तिची."